३०२ची बेल

प्रिय मुली,

परवा संध्याकाळी राम मारुती रोडवर तू मला लांबून पाहिलंस आणि पटकन साड्यांच्या दुकानात शिरलीस. पाठीला सॅक, काखेत ट्रायपॉड आणि साड्यांचं दुकान! मी हाक मारली नाही. मीही जन्मभर अशीच दुकानं गाठत आलोय. एकदा ओळखीच्या एका निर्मात्याला चुकवायला चष्म्याच्या दुकानात घुसलो आणि तिथल्या माणसाला नाही म्हणता येईना म्हणून डोळे तपासून, फ्रेम विकत घेऊन बाहेर पडलो. अजून तोच चष्मा वापरतो.

रात्री तुझा मेसेज आला. तुझ्या सिनेमाचा दुसरा कट, म्हणजे नव्याने जोडलेली आवृत्ती, पाठवलाय, फास्ट केलाय. पैसे घालणारे म्हणतात कॉमेडी लागत नाही, कॅमेरा करणारा मित्र म्हणतो लोकांसमोर जायची भीती हाच ज्याचा आजार, त्या माणसाची आपण टिंगल करतोय, आणि तुला काहीच कळेनासं झालंय.

पहिला कट ११२ मिनिटांचा होता, हा ९१ मिनिटांचा. मधली २१ मिनिटं कुठून गेली असतील हे मला न बघताच कळलं. तरी बघितलं, दोनदा.

तुझा नायक वार्षिक सभेत 'नको' म्हणू शकत नाही. गप्प बसतो, आणि गप्प बसला म्हणजे तयार आहे असं धरून लोक त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करून मोकळे होतात. तलावपाळीच्या कट्ट्यावर तू हे पहिल्यांदा ऐकवलंस तेव्हा मी इतका हसलो की शेजारचा भेळवाला बघायला लागला. ३० सप्टेंबरच्या आत सभा उरकायची असते, सेक्रेटरी व्हायला कोणीच तयार नसतं, बकरा हवाच असतो. नौपाड्यातली कुठलीही जुनी सोसायटी म्हणेल, ही आमचीच गोष्ट.

पहिल्या कटमध्ये तो थकबाकी मागायला ३०२ नंबरच्या फ्लॅटच्या दारात उभा राहतो. बोट बेलपर्यंत जातं, मागे येतं. पाठ केलेलं वाक्य तो पुटपुटतो, 'काका, जरा मेंटेनन्सचं…' मग 'जरा' काढतो. परत घालतो. आत कुकरची शिट्टी होते. तो मनाशी ठरवतो, तिसऱ्या शिट्टीला बेल दाबायची. दुसरी होते. तिसरी होतच नाही, आतून गॅस बंद केलेला असतो. ४१ सेकंद! घशात आवंढा होता आणि मी खो खो हसत होतो.

आता काय आहे? जिना, बेल, दार, संवाद. सहा सेकंद.

अगं, पॉज कापू नकोस.

मी बावीस वर्षं एडिटर म्हणून रोजच्या मालिका कापल्या. घोडबंदरच्या सेटवरून रात्री फुटेज यायचं, सकाळपर्यंत बावीस मिनिटांचा भाग तयार हवा. दोन वाक्यांमध्ये नटी श्वास घेते, त्या आठ फ्रेम. सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, त्यातली आठ. त्या काढायच्या. अशा शंभर जागा काढल्या की अर्धं मिनिट वाचतं आणि तिथे पुढच्या भागाची झलक बसते. तू म्हणशील, काका, मालिका तर ताणतात. ताणतात ना, तोंडं ताणतात, एकाच धक्क्यावर तीन-तीनदा. तो भरणा असतो. पॉजमध्ये माणूस काहीतरी ठरवत असतो, त्या भरण्यात कोणी काही ठरवत नाही. हा फरक कळायला मला फार वर्षं लागली. तुला इतकी लागू नयेत म्हणून ओरडतोय.

२००९ मध्ये मी माझी एकुलती एक शॉर्ट फिल्म केली. लग्नाला निघालेला आणि हॉलच्या दारापर्यंत जाऊन परत येणारा माणूस. २७ मिनिटं होती. जाणकार म्हणाले, स्लो आहे. मी १४ केली. दाखवली तेव्हा लोक हसले, भरपूर हसले, आणि मला कळलं की ते त्याला हसतायत. २७ मिनिटांच्या कटमध्ये ते त्याच्याबरोबर हॉलबाहेर उभे होते, १४ मिनिटांच्या कटमध्ये आत जेवत होते. टिंगल होते ती अशी, मुली. तुझ्या मित्राला पहिल्या कटमध्ये टिंगल दिसली नव्हती, दुसऱ्यात दिसली. त्याचा डोळा बरोबर आहे, फक्त असं का झालं ते त्याला सांगता येत नाही.

त्या फिल्ममधला माणूस मीच होतो, हे तुला एव्हाना कळलं असेल. नात्यातल्या प्रत्येक लग्नात मी पंगतीत वाढायला उभा राहायचो. हातात मठ्ठ्याची बादली असली की कोणी थांबवून 'सध्या काय करतोस' विचारत नाही. मावश्या म्हणायच्या, किती कष्टाळू मुलगा! डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं, या बादलीलाही शास्त्रात नाव आहे, सेफ्टी बिहेवियर. भीतीपासून वाचवणारी सवय. ती वाचवते म्हणून भीती टिकते, कारण बादलीशिवाय उभे राहिलो असतो तर काहीच बिघडलं नसतं, हे आपल्याला कधी समजतच नाही.

डॉक्टरांकडे मी गेलो ४४व्या वर्षी. सोशल फोबिया, म्हणजे लोकांसमोर जायची भीती, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात १९८० मध्ये आलं. तेव्हा मी शाळेत, फळ्यापाशी खडू हातात धरून उभा होतो. उत्तर येत असूनही. पण ठाण्यात वाढलेल्या पोराने असं काही बोलायचं कसं? इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. 'ठाण्याला पाठवा' म्हटलं की अख्खा महाराष्ट्र हसायचा, आणि आम्ही तर ठाण्यातच. तू बोलतेस तरी, गोळ्या घेतेस, थेरपीला जातेस आणि त्यावर सिनेमा काढतेस. माझ्या वयाच्या माणसाला याचा हेवा वाटतो. असो.

आता नीट वाच, याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. थेरपीत तुला शिडी करायला लावली असेल. आधी दुकानदाराला वेळ विचारायची, मग वस्तू परत करायची, मग अनोळखी माणसाला फोन, असं पायरीपायरीने. पायरीवर काय करायचं असतं? थांबायचं. भीती चढते, वर जाऊन टिकते आणि पळालं नाही तर बहुतेकदा हळूहळू उतरते. निदान जे संकट कोसळणार होतं ते कोसळलं नाही, एवढं तरी दिसतं. भीती चढत असतानाच पळ काढला तर डोक्यात राहतो तो फक्त चढ. आणि तू कट कुठे मारलायस? बरोब्बर चढावर. प्रत्येक सीनमध्ये. एडिटला बसूनसुद्धा तू साड्यांच्या दुकानात शिरते आहेस.

आणखी एक. क्लार्क आणि वेल्स या दोघा ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा असा की अशा माणसाचं लक्ष समोरच्याकडे नसतंच, स्वतःकडे असतं. आपण बाहेरून कसे दिसतोय याचं एक चित्र तो सतत मनात बघत असतो आणि त्यालाच खरं धरतो. म्हणून उपचारात चक्क व्हिडिओ वापरतात. आधी विचारतात, तुम्ही किती लाल झालात, किती थरथरलात? मग चित्रण दाखवतात. बहुतेकांना धक्काच बसतो, आपल्याला वाटलं त्याहून आपण बरेच बरे दिसतोय. म्हणजे तुझ्या हातात जे यंत्र आहे तेच. फक्त ते हललं नाही पाहिजे. सहा सेकंदांत कोणाला काय दिसणार?

मिसळीच्या सीनला मात्र हात लावू नकोस, सोन्यासारखा आहे. वेटरने 'तिखट ना?' विचारलं, याने मान हलवली, आणि पुढे तीन मिनिटं टेबलावरच्या अनोळखी माणसांसमोर डोळ्यांतून पाणी गाळत तो खातोय. त्यावर पार्श्वसंगीत चढवलंयस ते काढ. 'टुंग' वाजवून हसू मागायचं नसतं.

आवाजाचं बघ. पॉज ठेवायचा तर खालचा आवाज स्वच्छ लागतो. प्रत्येक ठिकाणी एक मिनिटभर सगळ्यांना गप्प करून रूम टोन, म्हणजे त्या जागेचा स्वतःचा आवाज, घे असं मी सांगितलं होतं, तू घेतला नाहीस. आता ३०२च्या जिन्यावर जा, रात्री नको, सकाळी अकराला, आणि कबुतरं, पंप, लिफ्टचा धक्का सगळं रेकॉर्ड कर. फोनवर शूट केलेल्या भागात फ्रेम रेट बदलता आहे, लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज सरकतात. ती फाइल आधी स्थिर पंचवीसवर आणून घे. लांब शॉट न टिकण्याचं हेही एक कारण असेल, पण तेवढंच नाही, आणि ते तुला माहीत आहे.

शेवटी तो सभेत माइक हातात घेऊन भाषण करतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. हे कोणी सुचवलं? त्याला बरा करायची घाई पैसे घालणाऱ्यांना आहे, त्याला स्वतःला नाही. त्याने नुसतं 'मला हे पद नको होतं' म्हटलं, तेही हजेरीवहीकडे बघत, तरी पुरे. आणि म्हणण्याआधी पॉज. कापू नकोस.

तू म्हणशील, तुम्ही कापलंत की! कापलं. घराचा हप्ता होता, मुलाची फी होती, आणि एडिटची खोली अंधारी असते, तिथे कोणाशी बोलावं लागत नाही. माणूस टाळून पोट भरेल असा दुसरा धंदा तेव्हा मला दिसत नव्हता. आजही दिसत नाही. त्या १४ मिनिटांच्या कटला एका ठिकाणी बक्षीसही मिळालं होतं, ते घ्यायला मी मित्राला पाठवलं. २७ मिनिटांची प्रत ज्या डिस्कवर होती ती गेली. दोनदा दुरुस्तीला दिली. मी चुकलो असं अगदीच म्हणत नाही, पण ती डिस्क अजून टाकलेली नाही.

शनिवारी पहिल्या कटचा प्रोजेक्ट घेऊन ये, दुसऱ्याचा नको. चार वाजता. आधी फोन करू नकोस, मी उचलत नाही. बेल वाजवलीस की जिन्यातच उभी राहा, निघून जाऊ नकोस. मी दारामागेच असतो, फक्त कडी काढायला मला थोडा वेळ लागतो.

तुझा,
काका
(सर म्हणू नकोस, किती वेळा सांगायचं)