वाचकांचे प्रश्न : लिपिड वाहक माल उतरवतात कुठे?

प्रश्न : जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात डोलिकॉल फॉस्फेटला ‘लिपिड वाहक’ म्हटले आहे. रक्तातल्या लायपोप्रोटीनांसाठीही तोच शब्द वाचला आणि औषधनिर्माणशास्त्राच्या लेखांत लिपोसोम व नॅनोकण याच नावाने भेटले. हे सगळे एकच आहे, की नावाचा नुसता योगायोग? — एक विद्यार्थिनी

उत्तर : एकच नाही, पण योगायोगही नाही. लिपिड म्हणजे तेला-चरबीच्या जातीचे, पाण्यात न मिसळणारे पदार्थ. घोटाळा समासाचा आहे. ‘लिपिडांचा वाहक’ असा षष्ठी तत्पुरुष सोडवला, तर आपण लायपोप्रोटीनांविषयी, म्हणजे रक्तातून लिपिडे वाहून नेणाऱ्या प्रथिनयुक्त कणांविषयी, बोलत असतो. ‘लिपिड हाच वाहक’ असा कर्मधारय सोडवला, तर डोलिकॉल आणि लिपोसोम त्यात येतात. रक्त म्हणजे मुख्यतः पाणी, आणि त्यात कोलेस्टेरॉल विरघळत नाही. म्हणून एलडीएल या लायपोप्रोटीनाच्या सुमारे 22 नॅनोमीटर व्यासाच्या गोळीत तेलकट माल पोटात आणि फॉस्फोलिपिडांचा एकेरी थर बाहेर, अशी बांधणी असते व तिच्याभोवती एका मोठ्या प्रथिनाचा वेढा असतो. पेशीपटलाची अडचण नेमकी उलटी आहे. चार-पाच नॅनोमीटर जाडीच्या त्या तेलकट पडद्यातून शर्करेसारखा पाण्याचा ओढा असलेला रेणू आपल्या बळावर पार होत नाही, म्हणून त्याला पडद्याच्या जातीचा सोबती लागतो.

डोलिकॉल हा असा सोबती. माणसाच्या पेशीत त्याची साखळी साधारण 17 ते 21 आयसोप्रीन घटकांची, म्हणजे पटलाच्या जाडीहूनही लांब असते, त्यामुळे ती पटलाच्या आत दुमडून राहते. आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या) बाहेरच्या अंगाला तिच्या फॉस्फेटयुक्त टोकावर एकेक करून सात शर्करा जोडल्या जातात. मग हा सगळा डोलारा पटलातून उलटून आतल्या अंगाला जातो, तिथे आणखी सात शर्करा लागतात आणि चौदा शर्करांचा तयार गुच्छ एकाच फटक्यात, नुकत्याच तयार होत असलेल्या प्रथिनाच्या ठरावीक अॅस्परॅजिन या अमिनो आम्लावर उतरवला जातो. माल उतरला की रिकामे डोलिकॉल पुन्हा कामाला लागते. जिवाणूंकडे याच घराण्यातला 55 कार्बनांचा बॅक्टोप्रेनॉल असतो, जो पेशीभित्तिकेच्या विटा आतून बाहेर पोहोचवतो. बॅसिट्रॅसिन हे प्रतिजैविक भित्तिकेला हातही लावत नाही. विटा उतरवून मोकळ्या झालेल्या वाहकावर जे दोन फॉस्फेट उरतात त्यांपैकी एक काढून टाकल्याशिवाय त्याला पुढची खेप घेता येत नाही, आणि बॅसिट्रॅसिन नेमके तेच काढू देत नाही. वाहक अडकला की बांधकाम थांबते. मला हे उदाहरण शिकवताना नेहमी उपयोगी पडते, कारण वाहकाचे मोल माल उचलण्यापेक्षा तो योग्य जागी सोडून मोकळे होण्यात असते, हे त्यातून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे दुसऱ्या कशातून दिसत नाही.

औषधांच्या वाहकांकडेही याच नजरेने पाहावे. अॅलेक बँगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 साली दाखवून दिले, की फॉस्फोलिपिडे पाण्यात घातली असता आपोआप दुपदरी पडद्याच्या बंद पिशव्या तयार होतात आणि त्या आयनांना आत कोंडून ठेवतात. हेच लिपोसोम. पिशवी मिळाली म्हणून औषध मिळाले असे मात्र झाले नाही; डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचे औषध लिपोसोममधून देण्यास अमेरिकेत मान्यता मिळायला 1995 साल उजाडले. मधल्या काळातली बरीचशी खटपट औषध आत भरायचे कसे आणि वाटेत गळू द्यायचे नाही कसे, यावर झाली. त्यावर सापडलेली युक्ती सुरेख आहे. आधी पिशवीत अमोनियम सल्फेट भरतात आणि बाहेरचे काढून टाकतात. मग बाहेर औषध मिसळले, की त्याचा विद्युतभार नसलेला अंश पडद्यातून आत शिरतो, आतल्या आम्लतेत त्याच्यावर भार येतो, परतीची वाट बंद होते आणि सल्फेटबरोबर त्याचे स्फटिक बनतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात हे लिपोसोम कॉफीच्या बियांसारखे दिसतात. मधली रेघ म्हणजे औषधाचा स्फटिक. बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाणीप्रेमी बहुवारिकाचे आवरण दिल्यामुळे भक्षक पेशींना ते लगेच पकडता येत नाहीत आणि रक्तात ते दोन-तीन दिवस टिकतात. हृदयावरचा विषारी परिणाम त्यामुळे कमी झाला, पण दीर्घकाळ फिरत राहणारा हा माल काही प्रमाणात त्वचेतही उतरू लागला आणि तळहात-तळपाय लाल होऊन दुखणे हा त्रास वाढला. उतरण्याची जागा बदलली की दुखण्याची जागाही बदलते.

प्रश्न : आरएनए लसींतील लिपिड नॅनोकण हे लिपोसोमच आहेत का? आणि अशा कणांतून शिरेवाटे दिलेली औषधे यकृतातच का जातात? — एक औषधनिर्माता

उत्तर : घराणे तेच, पण बांधणी निराळी. लिपोसोमच्या पोटात पाणी असते. या कणाच्या पोटात आरएनए आणि त्याला बिलगलेली लिपिडे दाटीवाटीने बसलेली असतात. कणाच्या चार घटकांपैकी खरे काम करतो तो आयनक्षम, म्हणजे आम्लतेनुसार विद्युतभार घेणारा वा सोडणारा, लिपिड. कण बनवताना द्रावण आम्लधर्मी ठेवतात, त्यामुळे या लिपिडावर धन भार येतो आणि ऋण भाराचा आरएनए त्याला चिकटतो. मग सामू (पीएच) रक्ताइतका, म्हणजे 7.4च्या आसपास आणला की हा भार जवळजवळ नाहीसा होतो, आणि रक्तात फिरताना कण निरुपद्रवी राहतो. पेशीने त्याला गिळले, की ज्या कप्प्यात तो जाऊन पडतो त्याची आम्लता वाढत जाते, भार परत येतो, कप्प्याच्या पडद्यातील ऋण भाराच्या लिपिडांशी तो जोडी जमवतो आणि पडदा फाटतो. ऐकायला हे चोख वाटते, पण प्रत्यक्षात 2013 साली सूक्ष्मदर्शकाखाली मोजले गेले तेव्हा लहान आरएनएचा जेमतेम एक ते दोन टक्के भाग कप्प्यातून निसटून पेशीद्रवात पोहोचत असल्याचे आढळले. बाकीचा वाया जातो. या क्षेत्रात आजही सर्वांत जास्त डोके खाणारा प्रश्न हाच आहे.

यकृताविषयी सांगायचे, तर इथे दोन्ही समास एकत्र येतात. कण रक्तात शिरल्यावर त्याच्यावरचे पॉलिइथिलीन ग्लायकॉल हळूहळू झडते आणि रक्तातील अपोलायपोप्रोटीन-ई हे प्रथिन त्याच्यावर येऊन बसते. एरवी हे प्रथिन लायपोप्रोटीनांच्या अंगावर असते आणि यकृतपेशींवरचे एलडीएल ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे एलडीएल पकडणारी प्रथिने) त्याला ओळखतात. हे ग्राहक शोधून काढल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना 1985 सालचे नोबेल मिळाले. थोडक्यात, यकृत या कणाला आपलाच माल समजून आत घेते. 2018 साली मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या आरएनए औषधाला ही चूक वरदान ठरली, कारण ज्या सदोष प्रथिनाची निर्मिती त्याला रोखायची होती ते मुख्यतः यकृतातच बनते. फुप्फुसाकडे किंवा मेंदूकडे औषध न्यायचे असेल तर हीच ओळख आड येते. लस स्नायूत टोचली जाते, तेव्हा तिथे सगळी मदार यकृतावर नसते.

प्रश्न : तोंडाने घेण्याच्या ‘लिपोसोमल’ जीवनसत्त्वांना काही अर्थ आहे का?

उत्तर : वर आलेली औषधे शिरेतून दिली जातात, हे आधी ध्यानात घ्यावे. तोंडावाटे गेलेल्या साध्या फॉस्फोलिपिडांच्या पिशवीला जठरातले आम्ल, पित्तक्षार आणि स्वादुपिंडाचे फॉस्फोलायपेज हे फॉस्फोलिपिडे तोडणारे विकर अशा तिघांशी सामना करावा लागतो. पित्तक्षारांचे कामच मुळी लिपिडांचे थर मोडून त्यांचे बारीक कण करण्याचे आहे, त्यामुळे पिशवी अखंड रक्तात पोहोचेल ही अपेक्षा धरू नये. मोडलेल्या लिपिडांच्या सोबतीने तेलात विरघळणारे जीवनसत्त्व अधिक शोषले जाऊ शकते, पण त्याचे श्रेय पिशवीला देता येत नाही. तेव्हा विक्रेत्याला दोन गोष्टी विचाराव्यात : कणांचा आकार मोजलेला आहे का, आणि एकूण द्रव्यापैकी किती टक्के खरोखर आत कोंडलेले आहे? हे दोन आकडे नसतील तर ‘लिपोसोमल’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.