हप्त्यावर आयपॅड घेण्याआधी

प्रिय पोरी,

आयपॅड हप्त्यावर घेऊ का, असं तू विचारलंस. एवढ्यात नको. तुझी पहिली कामं येतील ती दिवाळी अंकाच्या आतल्या चित्रांची, फार तर एखाद्या मुखपृष्ठाची. त्याचं मानधन किती आणि हातात कधी पडतं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. हप्ता मात्र तारखेला कापला जातो.

लॅपटॉप आहेच, त्यावर क्रिटा टाक. फुकट आहे आणि चित्र काढणाऱ्यांसाठीच बनवलंय. अ‍ॅडोबीने २०१३ साली कायमचं विकत देणं बंद करून फक्त भाड्याची पद्धत ठेवली, तेव्हापासून नवं फोटोशॉप भाड्यानंच मिळतं. ते लागणारी नोकरी मिळाली की ऑफिसचंच वापर.

सोबत बिनस्क्रीनचा साधा पेन टॅब्लेट घे. लॅमिंग्टन रोडला जुना मिळाला तरी चालेल, फक्त चारही कोपऱ्यांपर्यंत रेघ ओढून बघ आणि त्या पेनाच्या निबा अजून मिळतात का ते विचार. खोक्यावरच्या ८१९२ प्रेशर लेव्हलना (पेनाच्या दाबाच्या पायऱ्यांना) भुलू नकोस, हाताला तेवढा फरक कळत नाही. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, याचा सुरुवातीला वैताग येईल. गोल काढलास आणि लंबगोल उमटला, तर दोष हाताचा नाही. टॅब्लेट आणि स्क्रीन यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण जुळत नसतं, ते ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जुळवायचं.

तू पाठवलेल्या दादर स्टेशनच्या चित्रात कोळणीच्या नथीतला मोती न् मोती चोख आहे. पण बाई पाटी उचलतेय की खाली ठेवतेय, काही कळत नाही. हा झूम करून करून काढण्याचा प्रताप. जे.जे. कलाशाळेतल्या चित्रकार धुरंधरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईची माणसं पोस्टकार्डांसाठी रंगवली होती, ती मिळतील तिथे बघ. एवढ्याशा जागेत उभं राहण्याची ढबच सगळं सांगून जाते. निदान पहिला तासभर स्क्रीनवर चित्र पोस्टकार्डाएवढंच ठेव. मधूनमधून क्रिटात एम दाबून आरशासारखं डावं-उजवं उलटं कर, तोल गेला असेल तर लगेच डोळ्यांत भरतो.

छपाईबद्दल मात्र जरा लांबण लावतो, कारण ते सहसा कुणी शिकवत नाही. तुझी फाइल १०८० पिक्सेलची चौकोनी. इन्स्टाग्रामला ठीक, पण छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ती कागदावर जेमतेम नऊ सेंटिमीटर भरते. ए-फोरला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात आणि ते सुरुवातीलाच घ्यायचे, मागाहून ताणलं की चित्र फुटतं. रंगाचं दुखणं याहून मोठं. स्क्रीनवर रंग प्रकाशाचा, कागदावर चार शायांचा. तुझा तो झगझगीत पोपटी आणि विजेसारखा निळा त्या चार शायांत बसतच नाही, छापून येतो तो मळका. क्रिटात सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापील रंग स्क्रीनवरच दाखवणारी सोय, चालू करून आधीच अंदाज घे. काळोख दाखवायला चारही शाया गच्च भरू नकोस. साध्या कागदावर त्या लवकर वाळत नाहीत, समोरच्या पानाला लागतात. किती शाई चालेल ते प्रेसवाल्यालाच विचार, ते लोक आनंदाने सांगतात. (संपादक तेवढ्या आनंदाने सांगेलच असं नाही.) आणि दिवाळी अंकाची आतली पानं बहुतेक वेळा एकरंगीच. तुझ्या कोळणीचं लाल लुगडं आणि मागची हिरवी भिंत दोन्ही एकाच राखाडीत विरतील. रंग काढून एकदा बघ, बाई गायबच होते.

हप्त्याचे पैसे छापील प्रूफांवर घाल. महिन्याला एखादं चित्र फोर्टातल्या प्रिंटवाल्याकडून छापून घे, स्क्रीनशेजारी धर आणि कुठे काय बदललं ते पेन्सिलीने प्रिंटवरच लिही. पुढच्या वेळी येशील तेव्हा हेच चित्र तसं छापून आण, लेयरसकट मूळ फाइलही आण. जेपेगवरून मला फारसं काही सांगता येत नाही.

सस्नेह,
तुझा काका