पॅड दिलं, तरी मुली घरी का जातात?

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आठवीपर्यंत आहे. बरेच पालक ऊसतोडीला जातात, मुली हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीपाशी राहतात. महिन्याला प्रत्येकीला आठ पॅडचं पाकीट देतो. तरी पाळी आली की मुली मधल्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. काय चुकतंय?
— एक शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : आधी पाकिटाचा हिशेब करा. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, म्हणजे पहिले तीन दिवस रोज चार आणि पुढचे दोन दिवस रोज तीन धरले तरी अठरा लागतात. आठचं पाकीट दुसऱ्या रात्री संपतं. मग पाकीट पुरवून वापरायचं म्हणून मुलगी एकच पॅड दिवसभर ठेवते, दुपारी डाग पडतो, मांड्या घासून सोलवटतात आणि तिसऱ्या दिवशी ती शाळेत येतच नाही. राज्य सरकारच्या २०१८ च्या अस्मिता योजनेतलं शाळकरी मुलींचं ५ रुपयांचं पाकीटही आठ पॅडचंच होतं. आठच्या वर लागणाऱ्या पॅडसाठी ग्रामपंचायतीकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीकडे मागणी लावा. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड १ रुपयाला एक मिळतं.

दुसरं काम आजच करा. मधल्या सुट्टीत मुलींच्या स्वच्छतागृहात जा, दार लावा आणि आत दोन मिनिटं थांबा. कडी आतून लागते का? तुटली असेल तर मैत्रीण दार धरून उभी राहते, तिचीही सुट्टी जाते, आणि पुढच्या खेपेला दोघी घरचाच रस्ता धरतात. खुंटी आहे का? नसेल तर ओढणी आणि नवं पॅड धरायचं कुठं? सकाळी भरलेली टाकी दुपारपर्यंत रिकामी होत असेल तर झाकणाचं २०० लिटरचं पिंप, बादली, मग आणि साबण आत ठेवा. कुलपाची किल्ली सरांच्या टेबलावर असेल तर ती मागायला मुलगी जाणार नाही. कुलूप काढूनच टाका.

वर्गात मुलींच्या हाताशी एक डबा असू द्या: दहा पॅड, दोन-तीन मापांच्या निकर, एक गडद परकर, जुने वर्तमानपत्र. निकर विसरू नका. इलॅस्टिक सैल झालेल्या निकरवर पॅड सरकतं आणि दोष पॅडला जातो. डब्यातलं घेतल्याची नोंद वहीत करायला लावू नका, नाहीतर डबा भरलेलाच राहील.

प्रश्न : माझी नात कपडाच वापरते. शाळेत सांगतात कपडा वाईट. खरं का?
— एक आजी, परभणी जिल्हा

उत्तर : कपडा वाईट नाही, ओला राहिलेला कपडा वाईट. सुती, मऊ, पाणी शोषणारा घ्या. जुन्या साडीतली टेरिकॉट नको. एकावर एक पाच-सहा थर शिवून टाकू नका, आतला थर वाळत नाही आणि कुबट वास येतो. उलगडता येईल अशी घडी घाला.

धुताना आधी गार पाणी. गरम पाण्यात रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण लावून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा आणि कडक उन्हात वाळवा. लाजेपोटी तो दुसऱ्या कपड्याखाली, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यात टाकला जातो आणि तिथंच बिघडतं. आजी, तो दोरीवर उघडा घालायची मुभा घरात तुम्हीच देऊ शकता. निदान सहा घड्या हव्यात. शाळेत बदललेली घडी आणायला झिपची प्लास्टिक पिशवी दप्तरात द्या.

प्रश्न : शाळेत पॅड जाळायचं यंत्र आलंय, पण धूर होतो. वापरावं का?
— मुख्याध्यापक, लातूर जिल्हा

उत्तर : धूर आणि अर्धवट जळलेला गोळा दिसतो म्हणजे उष्णता कमी पडतेय. पॅडमधलं प्लास्टिक जाळायला ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. वर्गाजवळ असेल तर बंदच ठेवा. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या बादलीत आणि तिथून कचरागाडीला. शौचकूपात टाकलं तर फुगून नळी तुंबते.

प्रश्न : मुलीला पाळीत चक्कर येते. शाळेतली निळी गोळी घेऊ देऊ का?
— एक आई, जालना

उत्तर : हो. ती लोहाची गोळी, आठवड्याला एक, जेवणानंतर. चहाबरोबर नको, चहाने लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. पण चक्कर आहे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. बारा वर्षांपुढच्या मुलीत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि मग आठवड्याच्या गोळीने भागत नाही, डॉक्टर रोजची देतात. सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी दाखवा.