पोट पेजमेकरवर असेल तर ४के मॉनिटर घ्यावा का?

प्रश्न: घरून डीटीपी (कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवणं) करते. महिन्याला ३२,००० रुपये सुटतात, घरखर्च २४,०००. २२ इंची फुल एचडी मॉनिटरवर प्रुफं तपासून डोळे दुखतात. २७ इंची ४के (३८४० × २१६० पिक्सेल) मॉनिटर २८,००० ला आहे, त्याच आकाराचा क्यूएचडी (२५६० × १४४०) १५,००० ला. ६०,००० ची एकच एफडी आहे; ती मोडू की बारा हप्त्यांत घेऊ? ७० टक्के काम पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचा जुना प्रोग्राम), बाकी वर्डमध्ये. कॉम्प्युटर २०१४ चा आहे.

उत्तर: एफडीला हात लावू नका. आज ती अडीच महिन्यांचा घरखर्च आहे. त्यातले २८,००० काढले तर जेमतेम सव्वा महिन्याचा उरेल, शिवाय मुदतीआधी मोडल्याने व्याजही कापलं जाईल. डीटीपीत प्रकाशकाचं बिल अडकलं की हीच एफडी घर चालवते.

४के पडद्यावर अक्षर खरोखरच देखणं दिसतं. १२ पॉइंटाचं अक्षर नेहमीच्या पडद्यावर १६ पिक्सेलांत बसतं, त्यात ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर गिचमिड होतं. ४के वर स्केलिंग (पडद्यावरचं सगळं मोठं दाखवायची विंडोजची सेटिंग) २०० टक्के ठेवलं की त्याच अक्षराला ३२ पिक्सेल मिळतात आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटत नाही. पण हे सुख वर्डमध्ये. पेजमेकरची ७.० ही शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची. तिला स्केलिंग कळत नाही. विंडोज तिचं चित्र ताणून मोठं करतं, म्हणून अक्षरं धुरकट होतात. ताणणं बंद केलं (प्रोग्रामवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे ‘ॲप्लिकेशन’) तर मेनू आणि टूलबॉक्स मुंगीएवढे. तिथलाच ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ पर्याय काही जुन्या प्रोग्रामांत चालतो, पण त्याच्या भरवशावर २८,००० घालू नयेत.

शिवाय २०१४ च्या मशीनचं एचडीएमआय (मॉनिटर जोडायची जागा) बहुधा १.४ आवृत्तीचं असेल. त्यावर ४के फार तर ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांनी चालतं, माउस अडखळतो. म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा खर्च वेगळा.

माझं मत क्यूएचडीच्या बाजूने आहे. २५६० × १४४० ला स्केलिंग १०० टक्केच ठेवता येतं, त्यामुळे पेजमेकर बिघडत नाही. अक्षराची धार यात वाढणार नाही, जागा वाढेल: डेमी आकाराच्या पुस्तकाची (साधारण साडेपाच × साडेआठ इंच) समोरासमोरची दोन पानं दीडपट मोठी करूनही पूर्ण दिसतील. डोळ्यांना तोच आराम. मदरबोर्डच्या पुस्तिकेत एचडीएमआयचं कमाल रेझोल्यूशन मात्र आधी पाहा. काही जुन्या बोर्डांत ते १९२० × १२०० वरच थांबतं.

महिन्याला ८,००० शिल्लक पडतात, म्हणजे दोन महिन्यांत रोख. ‘नो कॉस्ट’ हप्त्यातही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, रोखीची सूटही बहुधा हुकते. घसाऱ्याचा (वस्तू जुनी होत जाते म्हणून आयकरात मिळणाऱ्या वजावटीचा) फायदा हिशेबात धरू नका: तुम्ही आयकरात उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवत असाल तर तो वेगळा मिळत नाही.

तोवर आहे त्या मॉनिटरचं रेझोल्यूशन १९२० × १०८० वरच आहे ना, ते तपासा आणि क्लिअरटाइप (अक्षरं स्पष्ट दाखवणारी विंडोजची सोय) जुळवून घ्या. दुकानात जाताना स्वतःच्या पुस्तकाची पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. क्यूएचडीवर ती दीडपट करून ‘ध्द’ आणि ‘द्ध’ हाताच्या अंतरावरून वेगळे ओळखू येतात का, ते बघूनच पैसे द्या.