ग्रॅनोला खाऊनही वजन का वाढतं?

‘पोह्यांऐवजी तीन महिने ग्रॅनोला खातेय, तरी दोन किलो वाढले. आहारतक्त्यात सकाळी एक बाऊल असंच लिहिलंय.’ तुमचं हे वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. ग्रॅनोला म्हणजे ओट्स, सुकामेवा आणि बिया तेल-मधात घोळून भाजलेलं कुरकुरीत मिश्रण, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच.

घोळ त्या ‘एक बाऊल’मध्येच आहे. पुण्यातल्याच एका क्लिनिकने (नाव घेत नाही) मलाही असाच तक्ता दिला होता. किती ग्रॅम, हे चारदा विचारूनही कोणी सांगितलं नाही, आणि न तोलता खात राहणं मला सगळ्यात महागात पडलं. तक्ता लिहून देणाऱ्यांनी ग्रॅम लिहायलाच हवेत, याचा राग अजून आहे.

हिशोब बघा. पाकिटावरचं एक सर्व्हिंग (एका वेळचं प्रमाण) असतं 30 ते 45 ग्रॅम. आमटीची वाटी भरली की 60-65 आणि सूपचा बाऊल भरला की 110 ग्रॅमच्या आसपास. 100 ग्रॅमला साधारण 450 कॅलरी धरल्या, तर बाऊलभर ग्रॅनोलाच्या होतात जवळपास 500, दूध वेगळं. साखर 100 ग्रॅमला 20 ग्रॅम असेल तर एका बाऊलमध्ये 22 ग्रॅम. दिवसभरात 25 ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तो कोटा नाश्त्यालाच जवळजवळ संपला.

‘नो रिफाइन्ड शुगर’ला भुलू नका. मध, गूळ, खजुराचा पाक ही साखरच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, त्यामुळे तीन प्रकारचं गोड थोडं थोडं घातलं की प्रत्येक नाव यादीत खाली जातं. त्यापेक्षा ‘ॲडेड शुगर’चा, म्हणजे वरून घातलेल्या साखरेचा आकडा बघा. 100 ग्रॅमला 10 च्या वर असेल तर मी तरी घेणार नाही.

फायदे आहेतच: तंतुमय पदार्थ, बदाम-बियांमधली चांगली स्निग्धं. पण कोलेस्टेरॉल कमी करायला ओट्समधलं बीटा-ग्लुकान (एक विरघळणारा तंतू) रोज 3 ग्रॅम लागतं आणि 45 ग्रॅम ग्रॅनोलातून मिळतं जेमतेम 1. त्यासाठी खायचा तर साधा ओट्सचा उपमा खा. माझं ठाम मत, ग्रॅनोला पोटभरीचा नाश्ता नव्हेच. मिसळीवर फरसाण घालतो तसा, वाटीभर दही आणि पेरू-पपईवर 25 ग्रॅम.

घरी करायचा तर रोल्ड (चपटे केलेले) ओट्स 300 ग्रॅम (इन्स्टंट नको, भुगा होतो), बदाम 60, भोपळ्याच्या बिया 40, जवस 30, तीळ 20, तेल 40, मध 60, चिमूट मीठ. ओव्हनमध्ये 150 अंश सेल्सिअसवर 25-30 मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. तापमान वाढवलंत तर मध आधी करपतो आणि ओट्स आतून ओलेच राहतात. मनुका हव्या असतील तर ओव्हनमध्ये घालू नका, कडू होतात. गार झाल्यावर मिसळा. ट्रेमध्ये पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही, कुरकुरीतपणा तिथेच येतो. मनुकांशिवाय यात 45 ग्रॅमला साधारण 210 कॅलरी, 6 ग्रॅम प्रथिनं आणि 4 ग्रॅम साखर पडते.

मी डॉक्टर नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आणि हो, जुलै-ऑगस्टच्या पुणेरी दमटपणात डबा उघडा राहिला की दोन दिवसांत मऊ पडतो. ओव्हनमध्ये 120 अंशांवर दहा मिनिटं ठेवा, परत कुरकुरीत होईल. मात्र खवट वास आला तर तेल बिघडलंय, मग टाकूनच द्या.