साहेबांच्या हाती आली ‘बी फोडणारी बाई’

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोकणातल्या एका संशोधन केंद्रात चार वर्षं आहे. नव्या कल्पना सुचाव्यात म्हणून आमच्याकडे दर महिन्याला बैठक असते. आधी साहेब पंधरा मिनिटं बोलतात. मग आम्ही नऊ जण ‘बरोबर आहे सर’ हेच नऊ तऱ्हांनी सांगतो आणि चहा येतो. ‘सिरीयस गेम’चा विषय काढला, तर साहेब म्हणाले, “आता पत्ते कुटायचे का?” तुम्ही नोकरीत असताना असे खेळ घेतले होते म्हणे. त्यातून खरंच काही निघतं का?
– एक संशोधक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : साहेबांना सांगा, हो, पत्तेच कुटायचेत. जर्मनीतल्या जुन्या प्रशिया राज्याच्या सैन्यातले अधिकारी १८२४ पासून टेबलावर नकाशा मांडून लढाई खेळत आणि त्यांना कोणी पोरकट म्हटलं नाही. ‘सिरीयस गेम’ हे नाव रुळलं ते क्लार्क ॲब्ट यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे. करमणूक झाली तर झाली, मुख्य काम शिकण्याचं, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या बैठकीचं दुखणं जुनं आहे. चौघं एकत्र बसून बोलले, की चौघांनी वेगवेगळं बसून लिहिलेलं एकत्र केलं, यात जास्त कल्पना कुठे निघतात, हे येल विद्यापीठात १९५८ मध्ये तपासलं होतं. एकेकटे बसणारे जिंकले. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी मोठं कारण दाखवलं ते साधंच आहे : एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता डोक्यात आलेलं विरून जातं. तुमच्याकडे तर पहिला थांबाच पंधरा मिनिटांचा!

माझा पहिला खेळ मात्र पार फसला. विषय होता काजूचा बोंडू. बी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजतो, त्याचं काय करावं? मी गुण ठेवले, जास्त कल्पना सुचतील त्याला हापूसची पेटी. एकाने सरबत, जॅम, जेली, लोणचं अशी वाण्याची यादी लिहून गुण लाटले. मग तिघांनी संगनमताने आमच्या साहेबांना जिंकू दिलं. पेटी साहेबांच्या घरी गेली. (निम्म्या आंब्यांत साका निघाला, हे शिपायाने मला नंतर हळूच सांगितलं.)

दुसऱ्या वेळी गुण काढून टाकले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांचे पत्ते कापून तीन गठ्ठे केले : माणूस, अडचण, हाताशी असलेली वस्तू. अडचणी खऱ्याच घातल्या. वीज गेली, मजूर नाही, रसाने घसा धरतो, फळ दिवसभरात आंबतं. प्रत्येकाने तिन्हींतला एकेक पत्ता उचलायचा, पाच मिनिटं गप्प बसून तीन कल्पना लिहायच्या, कागद डावीकडे सरकवायचा. पुढच्याने वाचून त्यात भर घालायची. ही रीत बर्न्ड रोरबाख यांची, १९६८ ची. सहा जण, तीन कल्पना, पाच मिनिटं. अर्ध्या तासात हिशेबाने १०८ नोंदी होतात. तुम्ही दहा जण आहात, पाच-पाचांची दोन टेबलं करा. बोलायचं नाही, हा नियम साहेबांनाही.

त्या दिवशी आमच्या साहेबांना पत्ता आला ‘कारखान्यात बी फोडणारी बाई’. बराच वेळ पेन हललं नाही. मग त्यांनी लिहिलं, “माझे हात टरफलाच्या तेलाने पोळलेत. बोंडू वेचायला मी कधी येऊ, आणि मला त्याचे किती मिळणार?”

ही कल्पना नव्हे, प्रश्न आहे. पण आम्ही इतकी वर्षं बोंडू आपोआप प्रयोगशाळेच्या दारात येतो असं धरूनच पाककृती लिहीत होतो! त्या कागदापासून चर्चा फिरली. बोंडूचं काय करायचं ते राहू दे, तो त्याच दिवशी, मातीविना, कोण आणणार आणि काय भावाने? ‘मच्छीमार’ पत्ता आलेल्या एका नव्या मुलीने खाली लिहिलं : फाटकं जाळं झाडाखाली झोळीसारखं बांधा. मार्चमध्ये दोन झाडांना बांधून पाहिलं. बोंडू स्वच्छ मिळाले, पालापाचोळा त्याहून जास्त मिळाला. शोधनिबंध काही झाला नाही, पण जाळ्याला ढील किती द्यायची यावर केंद्रावर आठवडाभर खरी वादावादी झाली. अशी वादावादी तिथे मी आधी ऐकली नव्हती.

खेळाइतकाच वेळ नंतरच्या बोलण्याला ठेवा. डेनिस मेडोज यांचा ‘फिश बँक्स’ हा मासेमारीचा खेळ आहे. गट होड्या विकत घेतात, मासे धरतात, आणि बहुधा समुद्र रिकामा होतो. आम्ही खेळलो तेव्हा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीवर भाषणं देणाऱ्यांनीच तिसऱ्या वर्षी जास्तीच्या होड्या घेतल्या. तिथेच उठलो असतो तर नुसतं हसू झालं असतं. ‘तुम्ही का घेतल्यात?’ यावर मात्र तासभर बोलणं झालं, आणि ते काही गजालीतलं नव्हतं.

प्रश्न : अशा खेळाचा तयार संच लागतो का? संगणक?
– शिक्षिका, मालवण

उत्तर : कधी कधी लागतो. ‘फोल्डइट’ या संगणकावरच्या खेळात खेळाडूंनी माकडांतल्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना तीन आठवड्यांत सोडवली, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे प्रत्येक डाव तपासायला यंत्र हवंच. तुम्हाला पाठकोरे कागद, कात्री आणि पैशांच्या जागी काजूच्या बिया पुरतील. बिया टरफलासकट घ्या. आम्ही एकदा भाजलेले गर ठेवले होते, दुसऱ्या फेरीतच चलन संपलं.