सगळं ऑनलाइन फुकट मिळत असताना विद्यापीठात तीन-चार वर्षं का घालवायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अभ्यासक्रमातलं सगळं नेटवर मिळत असताना विद्यापीठात का जायचं, हा एक प्रश्न. आणि ज्या 'विद्यार्थीजीवना'चं एवढं कौतुक होतं त्यात टाइमपासखेरीज काही असतं का, हा दुसरा. मी काही वर्षं पदवीच्या वर्गाला शिकवलं आहे, त्यामुळे माझं मत अगदी तटस्थ नसेल, हे धरूनच वाचा.

माहितीपुरतं बोलायचं तर तुमचं बरोबर आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्यांना खुलं करायचं 2001 मध्ये जाहीर केलं. पुढे 2012 च्या सुमारास कोर्सेरा, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइट आल्या तेव्हा तर विद्यापीठांचे दिवस भरले अशी भाकितं जोरात होती. तसं काही झालं नाही. नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्याही आत राहिले. अर्थात त्यातले कित्येक जण नुसते डोकावायलाच आलेले असतात. पण जे मनापासून आले त्यांच्यातलेही बरेच गळले. व्हिडिओ वाईट होते म्हणून नव्हे, काही तर कोणत्याही वर्गातल्या लेक्चरपेक्षा सरस आहेत. अडचण अशी की तुम्ही महिनाभर फिरकला नाहीत तरी कोणी विचारत नाही, आणि तुम्हाला समजलंय असं जे वाटतंय ते खरंच समजलंय का, हेही कोणी तपासत नाही.

ही दुसरी अडचण जास्त मोठी आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. बाकीच्यांनी तो वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला चांगलं लक्षात राहील असा भरवसा नुसतं वाचणाऱ्यांनाच जास्त होता. फळ्यापाशी उभं केल्यावर सिद्धतेच्या तिसऱ्या ओळीत अडकणारी मुलं मी सतत पाहिली आहेत. जागेवर बसून ऐकताना त्यांना सगळं स्वच्छ कळलेलं असतं.

म्हणून माझं उत्तर असं: तुमचा विचार एखाद्या जाणकारासमोर मांडायला लावायचा आणि तो कुठे लंगडतो ते दाखवून द्यायचं, हे विद्यापीठाचं खरं काम. लेक्चर हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये एकदोन विद्यार्थी शिक्षकासमोर बसतात, आपला निबंध पुढे ठेवतात आणि शिक्षक त्याची उलटतपासणी घेतात, ते याचसाठी. जर्मनीतल्या गीसेनच्या विद्यापीठात लिबिग या रसायनशास्त्रज्ञानं 1820 च्या दशकात विद्यार्थ्यांच्या हाती थेट प्रयोगशाळा दिली आणि रसायनशास्त्र करत करत शिकायचा पायंडा पाडला. शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनीही अजून न सुटलेल्या प्रश्नाच्या मागे असावं, हा विल्हेल्म फॉन हुंबोल्ट या जर्मन विचारवंताचा आग्रह होता. 1810 मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या विद्यापीठामागची कल्पना ती. तुमच्या विद्यापीठात यातलं काहीच होत नसेल, नुसती टिपणं उतरवून घेणं आणि परीक्षेत ती पुन्हा उतरवणं एवढंच चालत असेल, तर तुमची शंका त्या विद्यापीठापुरती शंभर टक्के खरी आहे. अशी विद्यापीठं थोडीथोडकी नाहीत.

नोकरीचं थोडक्यात सांगतो. वैद्यक, वकिली, वास्तुरचना अशा क्षेत्रांत पदवी आणि परवान्याशिवाय बहुतेक ठिकाणी काम करताच येत नाही, तिथे चर्चेला जागा नाही. बाकी ठिकाणी पदवी ही बऱ्याच अंशी खूण म्हणून चालते. 'हा माणूस अवघड काम हाती घेतो आणि तडीस नेतो' एवढंच ती मालकाला सांगते. मायकेल स्पेन्स यांनी हा युक्तिवाद 1973 मध्ये मांडला आणि 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी त्यांना मिळालं, त्यात तो होता. मोठ्या नावाच्या संस्थेसाठी जीव टाकणाऱ्यांनी मात्र डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा अमेरिकेतला 2002 चा अभ्यास पाहावा. सारख्याच संस्थांनी ज्यांना प्रवेश देऊ केला होता अशांची तुलना केली, तेव्हा जास्त नावाजलेल्या संस्थेत गेलेल्यांची कमाई पुढे फारशी जास्त निघाली नाही. अपवाद होता तो गरीब घरांतल्या मुलांचा. त्यांना फायदा झाला.

आता विद्यार्थीजीवन. इथे मी पालकांच्या नव्हे, मुलांच्या बाजूचा आहे. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा अभ्यास केला. तिथे खोलीतला जोडीदार चिठ्ठी टाकल्यासारखा कोणीही वाट्याला येत असे. या जोडीदाराचा परिणाम गुणांवर दिसला, विद्यार्थ्यांच्या मंडळांत सामील व्हायचं का यावरही दिसला. मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर मात्र दिसला नाही. म्हणजे सोबत दिशा बदलत नसेल, पण रोजची चाल बदलते.

आणि कधीकधी सोबत त्याहून बरंच काही करते. आइन्स्टाइन झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता तेव्हा लेक्चरांना दांड्या मारायचा आणि परीक्षेच्या वेळी मार्सेल ग्रोसमान या वर्गमित्राच्या नीटनेटक्या वह्यांवर भागवायचा. पदवीनंतर नोकरी मिळेना तेव्हा ग्रोसमानच्या वडिलांनी शब्द टाकला आणि 1902 मध्ये त्याला बर्नच्या पेटंट कार्यालयात काम लागलं. 1912 मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतासाठी लागणाऱ्या भूमितीपाशी तो अडला, तेव्हाही याच मित्राकडे गेला. ग्रोसमान तोवर तिथेच गणिताचा प्राध्यापक झाला होता. त्यानं वक्र अवकाशाची रीमानची भूमिती दाखवली आणि पुढच्याच वर्षी दोघांचा मिळून शोधनिबंध आला. दांड्या मारणारे आइन्स्टाइनचं नाव फार घेतात, ग्रोसमानचं कोणी घेत नाही.

अशी मैत्री ठरवून होत नाही. 'नेटवर्किंग' म्हणून चहूकडे ओळखी गोळा करत फिरणाऱ्यांच्या हाती ती सहसा लागत नाही. एकच गणित दोघांना सुटत नाहीये आणि रात्र झाली आहे, अशा वेळी ती होते.

तुम्ही प्रवेश घेणारच असाल तर एवढं करा. विषयांची यादी बघण्यापेक्षा वर्ग किती मोठा, लिखाण कोण तपासतं, शिक्षक तासाबाहेर भेटतात का, हे सध्या शिकणाऱ्यांना विचारा. आत गेल्यावर अर्धवट कळलेला प्रश्न घेऊन शिक्षकांच्या दारात उभे राहा. बहुतेकांना त्याचा आनंदच होतो, कारण तिथे फारसं कोणी फिरकत नाही. आणि परिस्थितीमुळे विद्यापीठ शक्यच नसेल, तर मोफत कोर्स जरूर घ्या, पण एकट्यानं नको. तोच कोर्स करणारे दोघंतिघं गाठा, आठवड्यातून एकदा एकमेकांना न बघता समजावून सांगा आणि त्या विषयात काम करणारं एखादं माणूस असं शोधा, जे तुमचं लिहिलेलं वाचून 'हे चुकलंय' म्हणायला संकोचणार नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड जाईल, तेव्हा शोधायला सुरुवात त्यापासूनच करा.